व्हीएनए कॅलिब्रेट केला, तरी ग्राफ खोटा? या चुका टाळा

रावेर-यावलकडच्या केळीबागांत ओलावा मोजणारे सेन्सर बसतात. त्यांचे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचे अँटेना आम्ही जळगावला टेबलावर तपासतो. त्यासाठी लागतो व्हीएनए, म्हणजे सिग्नल पाठवून त्यातला किती परत येतो ते मोजणारं यंत्र. नॅनोव्हीएनए हा त्याचा छोटा प्रकार स्वस्त झाल्यापासून कॅलिब्रेशन, म्हणजे मोजण्याआधी ओळखीचे तुकडे लावून यंत्र जुळवणं, सगळेच करतात. ओपन (उघडं टोक), शॉर्ट (जोडलेलं टोक), लोड (५० ओहमचा तुकडा) लावले, बटण दाबलं, झालं. फसगत त्यानंतर सुरू होते.

सगळ्यांत घातक चूक म्हणजे कॅलिब्रेशन झाल्यावर तोच लोड परत लावून बघणं. शेजारचा खूश होऊन ओरडतो, "उणे पन्नास आलं भो!" म्हणजे उणे पन्नास डीबी, सिग्नल जवळपास परत आलाच नाही. हा आकडा येणारच. हा तुकडा म्हणजे बिनचूक ५० ओहम, असं आपणच आत्ता यंत्राला पढवलंय. तो प्रत्यक्षात ५५ ओहमचा असला तरी स्क्रीन त्यालाच शंभर मार्क देणार. परीक्षा घ्यायची तर वेगळा तुकडा घ्या. ३ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावा (सिग्नल ठरावीक प्रमाणात घटवणारा तुकडा), त्याचं दुसरं टोक उघडं ठेवा. सिग्नल जाताना ३ गमावतो, येताना ३. रिटर्न लॉस, म्हणजे परत येईपर्यंत सिग्नल किती घटला तो आकडा, ६ डीबीच्या आसपास आणि बऱ्यापैकी सपाट हवा. रेषेला लाटा दिसल्या तर आधी कनेक्टर आणि केबल हलवून बघा.

दुसरी चूक: यंत्राच्या पोर्टवर कॅलिब्रेट करायचं आणि मग केबल जोडायची. ८६५ मेगाहर्ट्‌झला टेफ्लॉन केबलमधली पाव तरंगलांबी जेमतेम ६ सेंटिमीटर भरते. म्हणजे चार बोटं केबल हिशोबात धरायची राहिली, की स्मिथ चार्टवर (इंपीडन्स दाखवणाऱ्या गोल आलेखावर) इंडक्टरचा कपॅसिटर होतो. ओपन-शॉर्ट-लोड केबलच्या टोकालाच लावा.

आता तापमान. मे महिन्याला सगळेच घाबरतात, मला दगा दिला जानेवारीनं. सकाळी नऊला, स्वेटर घालून, लांब केबलसकट कॅलिब्रेट केलं. दुपारी केबलवर ऊन आलं आणि फेज (तरंग कुठल्या टप्प्यावर आहे ते) सरकली. मी दोन दिवस फिल्टर उकलून पुन्हा सोल्डर करत बसलो. दोष फिल्टरचा नव्हताच. १९ अंश सेल्सिअसच्या आसपास टेफ्लॉनची आतली रचना बदलते आणि केबलची विद्युत लांबी इतर तापमानांपेक्षा तिथं जास्त वेगानं सरकते. आपल्याकडची हिवाळ्यातली सकाळ आणि दुपार नेमकी या आकड्याच्या दोन बाजूंना. तेव्हापासून थंडीत दुपारी पुन्हा कॅलिब्रेट करतो. उन्हाळ्यात कूलरचा झोत केबलवर नको. यंत्र अर्धा तास चालू ठेवून मगच हात लावा; मधेच लाइट गेली तर पुन्हा तोच अर्धा तास.

बाकीचं थोडक्यात. फ्रिक्वेन्सीचा पट्टा बदलला की कॅलिब्रेशन नव्यानं. एसएमए (छोटा, आट्यांचा कनेक्टर) जोडताना नट फिरवा, मागचा भाग नाही. पितळी एसएमएला ०.५६ न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना, पकड अजिबात नाही. ७५ ओहमच्या एन (एसएमएपेक्षा मोठा कनेक्टर) फिमेलमध्ये ५० ओहमचा मेल घुसवलात तर आतली पिन कायमची फाकते.

आणि धूळ काढायला कनेक्टरवर फुंकर मारू नका, ओल बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली काडी फिरवा, मग भिंगातून मधली पिन सरळ आहे का ते बघा.