क्रीडा विषयाचा व्यावसायिक कोर्स: प्रवेश घेतल्यावर काय काय शिकावं लागतं

क्रीडा विषयाचा व्यावसायिक कोर्स करायचा म्हणणारी मुलं मला हमखास एक प्रश्न विचारतात, "त्यासाठी खेळात किती पुढे असावं लागतं?" एखादा खेळ मनापासून खेळत असाल तर तेवढं पुरे. माझ्या वर्गात स्पर्धा गाजवून आलेले खेळाडू होते आणि कधीच कुठल्या संघात निवड न झालेलेही होते. दोन्ही प्रकारच्या मुलांचं पुढे चांगलं झालं. ज्यांना दुसऱ्याचा खेळ बघायची गोडी लागली, ते भराभर पुढे गेले. समोरचा कसा धावतो, कुठे दमतो, उडी मारून खाली येताना त्याचा गुडघा आत वळतो का, हे टिपायला शिकणं म्हणजेच हा कोर्स, असं मला आजही वाटतं.

सुरुवातीला शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय जड जातात. नावं लांबलचक, आकृत्या किचकट. पाठांतराच्या नादी लागू नका, स्वतःच्या अंगावर करून बघा. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग म्हणजे तीन स्नायूंचा गट, आणि त्यांचा बहुतेक भाग खुबा व गुडघा अशा दोन्ही सांध्यांवरून जातो. पाय सरळ ठेवून पुढे वाका, मागे ताण जाणवेल. तसंच वाकलेलं राहून गुडघा जरासा दुमडा, ताण लगेच सैल पडेल. एवढं केलंत की ती आकृती पुन्हा विसरणार नाही. ऊर्जेच्या धड्याचंही तसंच. जीव तोडून धावताना पहिले साधारण १० सेकंद स्नायूंत तयार असलेल्या साठ्यावरच मुख्य भार असतो, आणि तो साठा भरून यायला काही मिनिटं लागतात. वेगाच्या सरावात दोन धावांमध्ये एवढी लांब विश्रांती का देतात, ते इथे कळतं.

मला सगळ्यात जास्त आवडल्या त्या फिटनेस चाचण्या. कूपर चाचणीत १२ मिनिटांत जास्तीत जास्त अंतर कापायचं. केनेथ कूपर या डॉक्टरांनी अमेरिकेच्या हवाई दलासाठी ती १९६८ मध्ये मांडली. कापलेल्या मीटरमधून ५०४.९ वजा करा, उरलेल्याला ४४.७३ ने भागा, की शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा अंदाज मिळतो. २४०० मीटर धावलात तर उत्तर ४२ च्या थोडं वर येतं. पण हा आकडा म्हणजे अंदाजच. ऊन किती होतं, आधी जेवण झालं होतं का, वेग कसा राखायचा हे धावणाऱ्याला माहीत होतं का, याची नोंद नसेल तर दोन चाचण्यांची तुलनाच करता येत नाही. '२२० वजा वय' हे हृदयाच्या कमाल ठोक्यांचं सूत्र घ्या. ते सरासरी सांगतं. एकाच वयाच्या दोघांच्या कमाल ठोक्यांत १०-१२ चा फरक सहज असू शकतो. नाडी अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते आणि गोंधळ होतो.

आता असाइनमेंट. मैदानाच्या ओढीने आलेली मुलं इथेच अडखळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रश्नातल्या क्रियापदाकडे बघा. 'वर्णन करा' असेल तर बीप टेस्ट कशी होते ते लिहायचं: २० मीटरवर दोन रेषा, बीप वाजायच्या आत पलीकडे पोचायचं, आणि ठराविक काळाने वेग वाढत जातो. 'स्पष्ट करा' म्हटलं की त्यातून दमसास का कळतो ते सांगायचं. 'मूल्यमापन करा' आलं की बाजू घ्यावी लागते. फुटबॉल खेळणाऱ्याला ही चाचणी लागू पडते, कारण थांबणं, वळणं, पुन्हा वेग घेणं त्याच्या खेळातच आहे. पोहणाऱ्याला ती तितकी न्याय देत नाही. पहिल्या पातळीवरची चार पानं लिहिण्यापेक्षा तिसऱ्या पातळीवरचा एक परिच्छेद जास्त गुण मिळवून देतो.

प्रशिक्षणाच्या तासांत सेशन प्लॅन, म्हणजे एका सरावाचा आराखडा, लिहायला लावतात, तो मनापासून लिहा. २० मुलं एका रांगेत उभी आहेत आणि एकेकाला १५ सेकंद लागतात असं धरा. आपली पाळी पुन्हा यायला प्रत्येकाला ५ मिनिटं लागतील, आणि एवढ्या वेळात मुलं एकमेकांना ढकलायला लागतात! पाच-पाच जणांच्या चार रांगा केल्या तर पाळी सव्वा मिनिटात येते. त्यासाठी खुणेचे शंकू (कोन) आधी मांडून ठेवावे लागतात, चेंडू जास्त लागतात, आणि चारही रांगा नजरेत राहतील अशी उभं राहायची जागा शोधावी लागते. बोलताना सूर्य तुमच्या तोंडावर असू दे, मुलांच्या डोळ्यांवर नको. आमच्या सरांनी हे सांगितलं तेव्हा किरकोळ वाटलं होतं; आता रोज उपयोगी पडतं.

दुखापतींच्या धड्यात नोट्स किती जुन्या आहेत ते जरूर बघा. विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखावलेला भाग उंच ठेवणं हे सूत्र डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं. बर्फामुळे वेदना कमी होतात, पण भरून येणं लांबूही शकतं, असं पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं. या क्षेत्रात कालचं उत्तर आज बदललेलं असतं, आणि मला यातच खरी मजा वाटते.

इंटर्नशिपची जागा शक्यतो तुम्ही स्वतः शोधा. शाळा, जिम, क्लब, पुनर्वसन केंद्र, कुठेही चालेल, फक्त तिथे तुम्हाला प्रत्यक्ष कामात हात घालू देतील ना ते आधी विचारा. नोंदवही त्याच संध्याकाळी लिहा. दोन दिवसांनी लिहिलेल्या नोंदीत 'सराव चांगला झाला' याखेरीज काहीच उरत नाही.

प्रवेशाआधी कॉलेजला चार गोष्टी विचारा: आठवड्यात प्रॅक्टिकलचे तास किती, मूल्यमापन लेखी परीक्षेवर की असाइनमेंटवर, पुढे पदवीला हा कोर्स धरतात का, आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र यात मिळतं की वेगळं काढावं लागतं. शक्य असेल तर शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि त्याची नोंदवही बघायला मागा.