लिनक्सच्या डिस्प्ले सेटिंगवर काम करायचंय? आधी दोन सारखे मॉनिटर शोधा

गेल्या महिन्यात दोनतीन ज्युनिअर मुलांनी मला एकच प्रश्न विचारला, की लिनक्स डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये, खास करून दोन मॉनिटरच्या भागात काम करायचंय तर सुरुवात कुठून करू. सी किंवा सी प्लस प्लस येतं, गिट येतं, प्रोजेक्ट बिल्ड करून चालवता येतो, एवढं धरून चालतो. तेवढं येत नसेल तर आधी ते करा, मध्येच अडकलात की महिनाभर कोडला हात लागत नाही आणि मग माणूस सोडूनच देतो, मी असे चारपाच जण बघितलेत.

मी नाशिकला नोकरी करत असताना रात्री जेवणानंतर दोन तास हे काम करायचो. टेबलावर लॅपटॉप आणि एक सेकंडहँड मॉनिटर, बस. पहिलं काम घेतलं ते दिसायला सोपं होतं. बाहेरचा मॉनिटर काढून परत लावला की आधीची मांडणी जशीच्या तशी आली पाहिजे, म्हणजे कोणता डावीकडे, कोणता प्रायमरी, कोणाचं स्केल (अक्षरं-बटणं किती मोठी दिसणार) किती, कोणता उभा फिरवलेला. सेटिंगच्या खिडकीत ते दोन चौकोन सरकवायचे असतात ना, मला वाटायचं सगळं काम तिथेच आहे. तिथे नाही. सगळं काम आहे "हा मॉनिटर तोच आहे का" या एका प्रश्नात, आणि तिथेच मी आपटलो.

पहिल्या पॅचमध्ये (पॅच म्हणजे प्रोजेक्टला पाठवलेला कोडमधला बदल) मी पोर्टच्या नावावर मांडणी साठवली. रिव्ह्यूमध्ये तो लगेच परत आला आणि बरोबरच होतं ते. एक्स इलेव्हनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या जुन्या डिस्प्ले यंत्रणेत, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की तोच पोर्ट कुठे एचडीएमआय-१ होतो, कुठे मधली रेघ जाऊन एचडीएमआय१, कुठे एचडीएमआय-०, आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला एचडीएमआय-ए-१ म्हणतो. शिवाय घरी त्याच पोर्टला एक मॉनिटर आणि ऑफिसला दुसराच.

मग मी ईडीआयडीकडे वळलो. मॉनिटर स्वतःची माहिती १२८ बाइटच्या एका ब्लॉकमध्ये सांगतो, कंपनीची तीन अक्षरं, मॉडेलचा कोड, सिरियल नंबर, कुठल्या वर्षाच्या कुठल्या आठवड्यात बनला ते, आणि चालणारी रिझोल्यूशन्स. मी अख्ख्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे त्यातल्या बाइटांवरून निघणारा एक छोटा ठसा, काढला आणि तीच मॉनिटरची ओळख धरली. माझ्या टेबलावर झकास चाललं, पॅच मर्ज झाला, मी घरी सगळ्यांना सांगितलं.

तीन महिन्यांनी एक बग आला. एका माणसाकडे एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर, एक आडवा आणि एक कोड वाचायला उभा फिरवलेला, आणि रोज सकाळी ऑफिसला आल्यावर भलताच मॉनिटर उभा झालेला. मी लिहिलं, माझ्याकडे असं होत नाही. त्याने परत लिहिलं, मी परत लॉग मागवले, तेही चुकीचे. दोन आठवडे त्या माणसाने रोज सकाळी हाताने सेटिंग बदललं आणि मी त्याच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घेत बसलो. याचं मला अजून वाईट वाटतं.

हे नीट समजून घ्या, म्हणून सावकाश लिहितो. ईडीआयडीत सिरियल नंबर दोन ठिकाणी असू शकतो. एक, शून्यापासून मोजलं तर १२ ते १५ या चार बाइटमध्ये आकडा म्हणून. दुसरं, पुढे १८-१८ बाइटचे चार तुकडे असतात, त्यातल्या एखाद्यात अक्षरांत, जास्तीत जास्त १३ अक्षरं. आता खरी अडचण अशी की बरेच मॉनिटर बनवणारे त्या चार बाइटमध्ये काहीच खरं लिहीत नाहीत, सरळ शून्य टाकतात, किंवा चारही बाइट ०१, जे दशमानात १,६८,४३,००९ असं दिसतं आणि तुम्हाला वाटतं वा, केवढा मोठा सिरियल नंबर. तो नंबर नाही, भरताड आहे. आणि अक्षरांतला सिरियल असलाच पाहिजे असं बंधन नाही. मग एकाच ऑर्डरमध्ये आलेले, एकाच आठवड्यात बनलेले दोन मॉनिटर घ्या, त्यांचे १२८ च्या १२८ बाइट सारखे निघू शकतात. हॅशही सारखा. म्हणजे माझ्या कोडच्या दृष्टीने तिथे दोन मॉनिटर नव्हतेच, एकच मॉनिटर दोनदा होता.

आणि सकाळीच का? कारण डिस्प्लेपोर्टवर मॉनिटर बंद झाला की पुष्कळदा तो सिस्टिमला केबल काढल्यासारखाच दिसतो. सकाळी दोन्ही चालू होताना जो आधी जागा होतो त्याला यादीतली पहिली मांडणी मिळायची, मग तो कुठलाही असो.

यावर तुमच्या मनात येईल की मग ईडीआयडी आणि पोर्ट दोन्ही बघू. हो, पण दोन्हींची एकच किल्ली करू नका, कारण मग तोच मॉनिटर दुसऱ्या पोर्टला लावला की अनोळखी होतो, आणि तसंही पुष्कळ मॉनिटर एचडीएमआयवर एक ईडीआयडी देतात आणि डिस्प्लेपोर्टवर वेगळा. क्रम लावावा लागतो. आधी कंपनी, मॉडेल, सिरियल. त्यात दोन जण सारखे निघाले तरच पोर्ट. आणि डॉकमधून, म्हणजे लॅपटॉपला बाकीची उपकरणं जोडणाऱ्या डब्यातून, एका केबलवर दोन मॉनिटर असतील तर पोर्टचं नावही धरू नका, डॉक काढून लावला की डीपी-५ चा डीपी-७ होऊ शकतो, तिथे कर्नल जो पाथ देतो तो वापरा. ग्नोम या डेस्कटॉपची मॉनिटर्स डॉट एक्सएमएल फाइल उघडून बघा, प्रत्येक मॉनिटरमागे पोर्ट, कंपनी, मॉडेल आणि सिरियल चारही लिहिलेले असतात. मी ही फाइल रोज वापरत होतो आणि चार गोष्टी का लिहिल्यात हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

घाबरून जाऊ नका मात्र. यातलं काहीही शिकायला महाग मशीन लागत नाही. दुसरा मॉनिटर नसेल तरी चालतं, कर्नलमध्ये व्हीकेएमएस नावाचं मॉड्यूल आहे, ते खोटा डिस्प्ले उभा करतं. केविनला, म्हणजे केडीई डेस्कटॉपच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, तुमच्या चालू सेशनच्या आतच दोन आउटपुट देऊन खिडक्यांत चालवता येतं. मांडणी, स्केल, फिरवणं, हे सगळं तिथे तपासता येतं. फक्त खऱ्या मॉनिटरचं खोटं बोलणं तिथे दिसत नाही, त्यासाठी खरी जोडीच लागते. कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच लॉटचे तीसतीस मॉनिटर असतात, लॅब असिस्टंटना नीट विचारा, मी विचारलं तेव्हा त्यांनी स्वतः केबल लावून दिली. सिस फोल्डरमध्ये क्लास, त्यात डीआरएम, तिथे प्रत्येक पोर्टखाली ईडीआयडीची फाइल असते, ती ईडीआयडी-डीकोड या वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला द्या आणि जोडीचे आउटपुट शेजारी ठेवून वाचा.

स्केलिंगबद्दल थोडंच सांगतो, तो वेगळा विषय आहे. १४ इंची फुल एचडी लॅपटॉपवर इंचाला साधारण १५७ पिक्सेल, २४ इंचीवर ९२. एक्स इलेव्हन दोन्हींना मिळून एकच मोठा कॅनव्हास धरतो, त्यामुळे एकीकडे अक्षरं मुंगीएवढी नाहीतर दुसरीकडे बटाट्याएवढी. वेलँडमध्ये, म्हणजे एक्स इलेव्हनच्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेत, प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केल देता येतं आणि सव्वा-दीडपट स्केलचा प्रोटोकॉल २०२२ मध्ये आला. नवीन असाल तर वेलँडच शिका. एक्सरँडर या एक्स इलेव्हनमध्ये मांडणी बदलणाऱ्या कमांडची स्क्रिप्ट स्टार्टअपला टाकून मोकळं होणाऱ्यांचं ऐकू नका. स्वतःच्या मशीनपुरतं चालेल, पण तुमचा बग तुमच्यापुरता झाकला जातो आणि तुम्ही तो कधीच रिपोर्ट करत नाही, शिवाय वेलँड सेशनमध्ये ती मांडणी बदलतही नाही.

मेंटॉरबद्दल माझं मत थोडं कडक आहे. लगेच उत्तर देणारा मेंटॉर शोधू नका. मला ज्याने घडवलं त्याने माझ्या पॅचखाली एवढंच विचारलं होतं, की हे सारख्या जोडीवर तपासलंस का. मी तेव्हा "हो, चालेल" असं लिहून पुढे गेलो, तपासलं नव्हतं. तपासलं नसेल तर तसं लिहा. कोणी रागावत नाही, उलट ज्याच्याकडे जोडी आहे असा कोणीतरी तपासून देतो. आणि प्रश्न खाजगी मेसेजमध्ये विचारू नका, सगळ्यांना दिसेल असे विचारा, पहिल्या दोनतीन वेळा लाज वाटते, मग जाते.

तो बग सुटायला मला चार वेळा पॅच लिहावा लागला. चौथ्यानंतर त्या माणसाने सोमवारी लिहिलं, उभा तो उभाच आहे. मग आठवड्याने परत लिहिलं, अजून उभाच आहे.

तुम्ही लॅबमधल्या जोडीचे ईडीआयडी काढलेत तर नुसते स्वतःकडे ठेवू नका, त्या मॉडेलचा बग आधीच उघडा असेल तर तिथे जोडा. सिरियल सगळ्यांना दाखवायचा नसेल तर झाका, पण दोन्हींत तो सारखा आहे की वेगळा, आणि दोन्ही ठिकाणचा बघितला की एकाच, हे जरूर लिहा.