ल्यूथरन मंडळीत नव्यानं येणाऱ्यांसाठी: आपल्या विश्वासाचं माप घेत बसू नका

लग्नामुळे, बदलीमुळे किंवा शिक्षणासाठी ल्यूथरन मंडळीत, म्हणजे सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या चर्चमध्ये, आलेला मराठी प्रोटेस्टंट माणूस पहिल्यांदा अडखळतो तो दहा आज्ञांशी. नगर-सोलापूरकडच्या मंडळ्यांत शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसाची, आज्ञा आपण चौथी म्हणून पाठ केलेली असते. इथं ती तिसरी. मूर्तींविषयीचं वचन पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाविषयीच्या शेवटच्या आज्ञेच्या दोन करतात, म्हणून बेरीज दहाच राहते. कॅथलिकांची मोजणीही अशीच आहे. कुणी ‘पाचवी आज्ञा’ म्हणालं तर आईबापांचा मान नव्हे, ‘खून करू नको’ समजा आणि पुढं चला. यात घाबरण्यासारखं काही नाही.

मी नगर जिल्ह्यातल्या मंडळीतून लग्न होऊन छिंदवाड्याला आले. नागपूरहून सावनेर, सौंसर करत वर गेलं की हा भाग लागतो. इथल्या ल्यूथरन मंडळीची मुळं एकोणिसाव्या शतकातल्या स्वीडिश मिशनऱ्यांच्या कामात आहेत. उपासना हिंदीत चालते. सभासद होण्याआधी पाळकांकडे शिकायला बसावं लागतं. आता नवीन येणाऱ्यांबरोबर मीही बसते, आणि मला जे छळून गेलं तेच त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा दिसतं.

अभ्यासाचं पुस्तक आधी एकच धरा: ल्यूथरची लघु प्रश्नोत्तरी, विश्वासाची शिकवण प्रश्न-उत्तरांत देणारी, 1529 ची. त्याआधी जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या मंडळ्यांची पाहणी झाली, तेव्हा खेड्यांतल्या लोकांना साध्या गोष्टी ठाऊक नव्हत्या आणि कित्येक पाळकांनाही शिकवता येत नव्हतं. म्हणून घरच्या कर्त्या माणसानं घरात शिकवावं असं हे छोटं पुस्तक झालं. दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांवरच्या विश्वासाची तीन भागांतली कबुली), प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार आणि प्रभुभोजन. प्रत्येक ओळीनंतर एकच प्रश्न: याचा अर्थ काय? ते पाठ करा. ‘फक्त कृपा, फक्त विश्वास, फक्त शास्त्र’ असं छापलेली पोस्टरं आणि दहा मिनिटांचे व्हिडिओ पाहून ल्यूथरन शिकवण कळली असं समजणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्या तीन शब्दांनीच मला सापळ्यात नेलं होतं.

सापळा असा. आपल्याकडच्या संजीवन सभांतून, म्हणजे विश्वास नव्यानं जागवायला भरवलेल्या सभांतून, एक प्रश्न घेऊन आपण इथं येतो: तुमचं तारण कधी झालं? तारीख सांगा, साक्ष द्या. मग या वर्गात ऐकू येतं की माणूस कर्मांनी नव्हे, ख्रिस्तामुळे, कृपेनं, विश्वासाद्वारे नीतिमान ठरतो. हायसं वाटतं. पण थोड्याच दिवसांत मन त्या विश्वासालाच नवं कर्म करून टाकतं. माझा विश्वास पुरेसा आहे का? परवाच्या प्रार्थनेत मन का लागलं नाही? सासरे आजारी होते त्या महिन्यांत मला धड दोन ओळींची प्रार्थना होत नव्हती. मी ठरवूनच टाकलं की माझा विश्वास कधी खरा नव्हताच. कर्मांचं ओझं तरी बाहेर दिसतं. हे ओझं आत असतं, आणि त्याला तळ नाही. रोप रुजलं का हे पाहायला रोज उपटायचं, तसं चाललं होतं.

मंडळीतल्या एका काकूंनी मला मतांगीकाराच्या तिसऱ्या भागाचा अर्थ पुन्हा वाचायला लावला. मी माझ्या बुद्धीनं किंवा शक्तीनं ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही. पवित्र आत्म्यानं मला सुवार्तेच्या द्वारे बोलावलं, असं तिथं ल्यूथर म्हणतो. विश्वास म्हणजे आपण देवाला भरायची फी नव्हे, तोही देवाचंच दान. काकू एवढंच म्हणाल्या, “तुझा बाप्तिस्मा झालाय ना? मग मनात काय शोधतेस? देवानं तिथं काय सांगितलं ते बघ.” ल्यूथरच्याच मोठ्या पुस्तकात, बृहद् प्रश्नोत्तरीत, हेच आहे: माझा विश्वास बाप्तिस्मा घडवत नाही, तो बाप्तिस्मा स्वीकारतो. म्हणूनच ही मंडळी तान्ह्या बाळांना निःशंकपणे बाप्तिस्मा देते. शंका आली की आत पाहू नका, बाहेर पाहा: वचनाकडे, बाप्तिस्म्याच्या पाण्याकडे, प्रभुभोजनाच्या भाकरीकडे. हे पुनःपुन्हा सांगते आहे, कारण एकदा ऐकून ते टिकत नाही. दोन आठवड्यांनी मन परत मोजायला बसतं. बसलं तर घाबरू नका, पुन्हा तेच वाचा.

भाकरीचं निघालंच आहे तर सांगते. प्रभुभोजन ही निव्वळ आठवण आहे, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना शिकवलेलं असतं. इथं तसं मानत नाहीत. 1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले, पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झालं, आणि अडलं ते इथंच. ‘हे माझे शरीर आहे’ या शब्दांवरून ल्यूथर हलला नाही. भाकरी भाकरीच राहते, पण तिच्यात, तिच्यासह आणि तिच्याखाली ख्रिस्त स्वतःला देतो. घरात भांडण झालं, आपण अयोग्य आहोत, म्हणून मागच्या बाकावर बसून राहू नका. ‘तुमच्यासाठी’ या शब्दांवर जो विश्वास ठेवतो तो योग्य, असं लघु प्रश्नोत्तरी सांगते. ज्याच्याशी भांडलात त्याच्याकडे जरूर जा. पण आधी पवित्र होऊन मग जेवायला यायचं असतं, हे डोक्यातून काढा.

मग वागणं कसंही चालेल? अजिबात नाही, आणि असं म्हणणाऱ्यांना मी वर्गात तसंच सोडून देत नाही. आठव्या आज्ञेचा अर्थ पाहा: शेजाऱ्याविषयी खोटं बोलायचं नाही एवढंच नव्हे, त्याची बाजू घ्यायची, त्याच्याविषयी चांगलं बोलायचं. सातवीत चोरी टाळणं पुरत नाही. त्याची मिळकत राखायला मदतही करायची. देवाला आपल्या सत्कर्मांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. शिक्षिकेचा वर्ग, नर्सची रात्रपाळी, आईचं घर हेही देवानं दिलेलं पाचारण आहे. पाळकाचं काम त्याहून वरचं नव्हे.

दुसरी कडक गोष्ट. ल्यूथरनं लिहिलेलं सगळं मानावं लागत नाही. 1543 मध्ये त्यानं यहुद्यांविरुद्ध जे लिहिलं ते भयंकर आहे. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चनं 1994 मध्ये ते जाहीरपणे नाकारलं. तो संत होता असं सांगून ते झाकणारा गुरू सोडून द्या. गर्दी जमवणाऱ्या वक्त्याच्या मागेही लागू नका. आजाऱ्याच्या खाटेशी बसणारा पाळक किंवा प्रश्नोत्तरी तोंडपाठ असलेली एखादी म्हातारी शोधा.

लघु प्रश्नोत्तरीनंतर ऑग्सबर्गचा विश्वासांगीकार, म्हणजे ल्यूथरनांनी आपला विश्वास कलमवार मांडलेला लेख, घ्या. ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन यानं तो लिहिला आणि 25 जून 1530 रोजी तो सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर वाचला गेला. त्यात 28 कलमं आहेत. पहिल्या वाचनाला चौथं, पाचवं आणि सहावं एकत्र वाचा: नीतिमान ठरणं, तो विश्वास मिळावा म्हणून दिलेली वचनाची सेवा, आणि त्या विश्वासाची फळं. चौथं वाचून थांबलात तर मी पडले त्याच सापळ्यात पडाल.

सातवं कलम खास मराठी माणसासाठी. मंडळीच्या ऐक्याला शुद्ध सुवार्ता आणि संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा व प्रभुभोजनासारखे विधी, यांविषयी एकमत पुरेसं आहे. माणसांनी घातलेले रीतिरिवाज सगळीकडे सारखे असण्याची गरज नाही. तेव्हा रविवारी हिंदी गीतं मनापासून शिका, आणि संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेत आपले अभंग, आपली भजनं पेटी-टाळांसकट गा. कुणी हरकत घेतली तर हे कलम त्यांच्यापुढे ठेवा.