बंद खाणीच्या परिसरातला लूप ट्रेक करायचाय? मग निघायच्या आधी एवढं वाचा

मॉडरेट ट्रेल म्हटलं की लोक एकदम रिलॅक्स होतात, दहा-बारा किलोमीटर, बेताची चढण, त्यात काय एवढं. पण जुन्या खाणीच्या भागात वाट सोपी असते, वाटेच्या बाजूची जमीन नसते, आणि बहुतेक सगळी काळजी त्या बाजूच्या जमिनीचीच घ्यायची आहे.

आधी वेळेचं गणित. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा नियम अजूनही चालतो, दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे 10 किमी आणि 450 मीटर चढ असेल तर पावणेतीन तास, पण हे न थांबता चालणाऱ्याचं झालं, फोटो, खाणं, उन्हात दम खाणं धरून चार तास तरी हाताशी ठेवा. आणि लूपमध्ये, म्हणजे निघालो तिथेच परत आणणाऱ्या गोल वाटेत, एक गोष्ट लोक विसरतात, अर्धी वाट ओलांडली की मागे फिरणं पुढे जाण्यापेक्षा लांब पडतं. म्हणून परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघायचं, तोपर्यंत अर्धं अंतर झालं नसेल तर आल्या वाटेने सरळ मागे, तिथे उभं राहून चर्चा नको.

लूप कुठल्या बाजूने करायचा हेही बघा. खनिजाने भरलेल्या वॅगन न्यायच्या म्हणून जुने ट्रॉलीचे रूळ आणि गाडीरस्ते मुद्दाम हलक्या उताराचे बांधलेले असतात, ते उतरायला ठेवा आणि खड्या घसाऱ्याची बाजू चढायला घ्या, गुडघे वाचतात. फक्त अशा भागात फाटे फार असतात, प्रत्येक खड्ड्याकडे नि ढिगाऱ्याकडे कधीतरी रस्ता गेलेला असतो आणि तो मुख्य वाटेपेक्षा रुंद दिसू शकतो. त्यामुळे ट्रॅक ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच नकाशांवर खाणीची खूण म्हणजे एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन हातोडे, ते उलटे काढलेले असले तर खाण बंद झालेली, ही खूण दिसली की त्या पट्ट्यात वाट अजिबात सोडायची नाही.

कारण उभे शाफ्ट, म्हणजे खाणीत सरळ खाली उतरणारे विहिरीसारखे खड्डे. पूर्वी ते फळ्या टाकून झाकायचे, वर माती पालापाचोळा साचतो, गवत उगवतं, खाली फळी कुजलेली. मध्येच गोल खोलगट भाग, एकटंच उभं कुंपण, एका ओळीत खड्डे असं दिसलं तर लांबूनच बघा, काठावर जाऊन डोकावू नका, तोंडाजवळची माती ढिसूळ असते आणि ती आपल्यासकट आत जाते.

आडव्या बोगद्यात तर टॉर्च असली तरी जायचं नाही, दोन पावलंसुद्धा नाही. दगड कोसळतात ते आहेच पण खरा धोका हवेचा. बाहेर हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो, आत तो खूप कमी असू शकतो आणि याला ना वास ना रंग, माणूस कळायच्या आत खाली कोसळतो. कुणी आत गेला आणि हाकेला ओ देत नाही असं झालं तर मागोमाग धावू नका प्लीज, बाहेर राहून रेस्क्यूला फोन करा, वाचवायला गेलेलाही तसाच आत पडतो.

पाणी सगळं सोबत न्या, चालायच्या दर तासाला अर्धा लिटर धरा, ऊन असेल तर जास्त. खडकातल्या पायराइटला (लोखंड आणि गंधकाचं खनिज) हवा आणि पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि ते धातू विरघळवत ओढ्यात उतरतं, तो नारिंगी गाळ दिसतो ना तो यातलं लोखंड. स्पेनमधली रिओ टिंटो नदी अशीच लालभडक आहे, तिच्या पाण्याचा पीएच 2 च्या आसपास, म्हणजे पाणी चांगलंच आम्लयुक्त. पण स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही आर्सेनिक असू शकतं, उकळून ते जात नाही आणि ट्रेकिंगच्या साध्या फिल्टरवरही विसंबू नका. कुत्रा सोबत असेल तर त्यालाही तिथलं पाणी पिऊ देऊ नका. पाणी भरलेली खाण पोहायला कितीही छान दिसली तरी कडा सरळ तुटलेल्या असतात, बाहेर यायला पाय ठेवायला जागा नसते आणि खालचं पाणी एकदम गार.

बारीक पिवळट-राखाडी भुकटीचे ढिगारे म्हणजे खनिज काढून उरलेला गाळ, त्यात शिसं, आर्सेनिक असू शकतं. तिथे डबा उघडू नका, मुलांना खेळू देऊ नका, खाण्याआधी हात धुवा.

बाकी पडक्या इंजिनघराची चिमणी, गंजलेली चाकं, रूळ हे सगळं मनसोक्त बघा, मला तर या ट्रेल्स त्यासाठीच आवडतात, अख्खी वस्ती कशी राबत होती ते डोळ्यासमोर येतं. फक्त उचलून काही आणू नका. आणि वायर लागलेली छोटी धातूची नळी किंवा जुनी कांडी दिसली तर हात लावू नका, डिटोनेटर किंवा डायनामाइट असू शकतं, आणि जुनं झालेलं डायनामाइट नुसत्या धक्क्यानेही फुटू शकतं. अशी वस्तू किंवा कुंपण नसलेला नवा खड्डा दिसला की लांबून फोटो घ्या, लोकेशन सेव्ह करा आणि खाली आल्या आल्या तिथल्या पोलिसांना किंवा वनखात्याला कळवा.