डिझाइन कोडसाठी देण्याआधी त्यात ‘कुंकळ्ळी’ लिहून बघा

गोव्यात फोंड्याकडच्या एका मसाल्याच्या बागेची साइट फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये देखणी दिसत होती. कोड होऊन फोनवर आली तेव्हा शीर्षकांचे अनुस्वार कापलेले आणि बटणावरचा मजकूर दोन ओळींत. कोड लिहिणाऱ्याचा दोष नव्हता. चौकटींत मी ‘होम’, ‘बुक’ असे आखूड इंग्रजी शब्द भरले होते, आणि साइट मराठीत जायची होती.

म्हणून चौकटीत पहिल्याच दिवशी खरा मजकूर टाका. ‘कुंकळ्ळी’ हे गोव्यातल्या गावाचं नाव उत्तम कसोटी आहे: खाली उकार, वर अनुस्वार आणि वेलांटी, शेवटी जोडाक्षर. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींतलं अंतर इथे अपुरं पडतं. अक्षरांच्या आकाराच्या १.५ पट अंतरापासून सुरुवात करा आणि डोळ्यांनी तपासा. चौकटीची उंची पक्की बांधू नका. कोडमध्ये ‘हाइट’ (पक्की उंची) ऐवजी ‘मिन-हाइट’ (किमान उंची, मजकुराप्रमाणे वाढणारी) हवी, हे डिझाइनवरच लिहून ठेवा.

तीच पानं ३२० पिक्सेल, म्हणजे अगदी लहान फोनच्या रुंदीतही काढा. लहान आणि मोठ्या पडद्याच्या मधल्या रुंदीत काय घडावं हे तुम्ही सांगितलं नाही, तर ते कोड लिहिणारा अंदाजानं ठरवतो, आणि बहुतेक फरक तिथेच शिरतो.

फॉन्टचंही तेच. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात नेटवर्क रेंगाळलं की तुम्ही निवडलेल्या ‘मुक्ता’सारख्या देवनागरी फॉन्टच्या जागी आधी फोनचा स्वतःचा देवनागरी फॉन्ट दिसतो, त्याची रुंदी वेगळी. त्या फॉन्टमध्येही बटण एकदा बघाच. आणि ही तपासणी लॅपटॉपवर नको, गिऱ्हाइकाच्या हातात असतो तसल्या साध्या फोनवर करा.