सजावट डब्यात का नासते, आणि ती नासू नये म्हणून काय करायचं

सजावट भिंतीवर फार तर तीन-चार आठवडे असते, बाकीचं वर्ष डब्यात. आणि ती खराब होते तीही बहुतेक डब्यातच. ओल आणि उष्णता ही दोन कारणं सगळ्यांना ठाऊक असतात. तिसरं सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: डब्यात कशाला काय टेकून आहे.

दिव्यांची माळ थर्मोकोलच्या चांदणीवर सहा-आठ महिने पडून राहिली तर चांदणीवर वायरच्या जाडीची चर उमटते, कडा वितळल्यासारख्या दिसतात आणि वायर हाताला चिकट लागते. वायरचं आवरण पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचं असतं. ते लवचीक राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. हे द्रव्य हळूहळू पाझरतं आणि थर्मोकोलला विरघळवतं. त्याला ओल लागत नाही की ऊन, नुसता स्पर्श पुरतो. म्हणून सामान खोलीप्रमाणे किंवा रंगाप्रमाणे लावण्यात अर्थ नाही. वायरी एका डब्यात, थर्मोकोल दुसऱ्यात, कापड तिसऱ्यात, काच वेगळी, मेणबत्त्या वेगळ्या.

दिव्यांच्या माळा

माळ उतरवण्याआधी दहा मिनिटं चालू ठेवून शेवटपर्यंत नीट बघा. जुन्या पद्धतीच्या बारीक बल्बच्या माळेत बल्ब एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एखादा बल्ब होल्डरमध्ये सैल झाला तरी तेवढा अख्खा पट्टा विझतो. तो आजच शोधा. माळ टांगलेली असताना दोष पाच मिनिटांत सापडतो, गुंडाळून वर्षभराने उघडली की तासभर जातो. दुरुस्तीला हात लावण्याआधी पिन मात्र काढा. आवरण कुठे सोललेलं दिसलं किंवा पिनेजवळ जळल्याचा काळा डाग असला, तर ती माळ सांभाळण्यात शहाणपणा नाही, टाकून द्या.

गुंडाळायला 30 बाय 20 सेंटीमीटरचा जाड पुठ्ठा घ्या. दोन्ही आखूड कडांना मधोमध दोन-दोन सेंटीमीटर खोल खाच पाडा. माळेचं मोकळं टोक एका खाचेत अडकवून सुरुवात करा आणि पिन शेवटी, बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी माळ न सोडता लावून बघता येते. दहा मीटरच्या माळेला साधारण 17 ते 19 फेऱ्या लागतात. यात एक बारकावा आहे: वायर पुठ्ठ्याभोवती फिरवायची नाही, पुठ्ठा फिरवायचा. वायर फिरवली की दर फेरीला तिला एक पीळ बसतो, आणि सोडताना होणारा गुंता हा त्या साठलेल्या पिळांचाच असतो. पंजा आणि कोपर यांच्याभोवती माळ गुंडाळण्याची सवय याच कारणाने वाईट. एका पुठ्ठ्यावर एकच माळ, आणि तीही सैल.

तांब्याच्या केसासारख्या तारेच्या माळांना पुठ्ठ्याची धार सोसत नाही. त्या आठ-दहा सेंटीमीटर व्यासाच्या गोल डब्यावर गुंडाळा. बांधायला रबरबँड कधीच नको. रबर काही महिन्यांत चिघळून वायरला चिकटतं, शिवाय त्यातल्या गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडतो. सुती नाडी किंवा जुन्या चादरीची पट्टी पुरते.

सेलवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूतले सेल काढा, अर्धे उरले असले तरी. अल्कलाइन सेल गळला की पत्र्यांवर पांढरी पूड जमते आणि वस्तू कामातून जाते. पूड दिसलीच तर हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, मग किंचित ओल्या काडीने, आणि पूर्ण वाळू द्या. बटणासारखे चपटे सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा. ते गिळले गेले तर अन्ननलिकेला जखम होते.

काच, मुलामा, रंग

रंगवलेल्या काचेच्या गोळ्यांचे हूक आधी काढून छोट्या डबीत घाला. गोळे फुटतात त्याहून जास्त एकमेकांच्या हुकांनी ओरखडतात. प्रत्येक गोळा पांढऱ्या टिश्यू कागदात किंवा धुतलेल्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई फिकट रंगावर उतरते. फुग्यांचं प्लास्टिक (बबल रॅप) वापरायचंच तर आत कागदाचा एक थर घ्या, नाहीतर रंगावर गोल-गोल ठसे उमटतात. जड वस्तू तळाला, आणि तीनपेक्षा जास्त थर नकोत.

कापड, कागद, मेण

कापड धुऊन, स्टार्च न करता, कडक वाळवून ठेवा. स्टार्च म्हणजे कसरीला आमंत्रण, आणि खळीने चिकटवलेल्या कागदी वस्तूंवरही ती तशीच तुटून पडते. पट्टे आणि पडदे घडी घालण्याऐवजी पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळले तर घडीच्या रेषेवर विरत नाहीत. चिकटपट्टीचे तुकडे आत्ताच सोलून काढा. वर्षभराने पट्टी सुटते, पिवळा गोंद राहतो. डांबरगोळ्या थर्मोकोल आणि प्लास्टिकच्या डब्यांत नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

मेणबत्त्या एकेक कागदात गुंडाळून आडव्या ठेवा. मेण वितळायच्या बरंच आधी मऊ होऊन वाकतं, म्हणून पत्र्याखालचा पोटमाळा त्यांच्यासाठी बाद. वाळकी फुलं, शेंगा, फांद्या शक्यतो टाकून द्या. ठेवायच्याच असतील तर पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये घाला म्हणजे आतले किडे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आतल्या वस्तूवर दव धरतं.

डबे आणि जागा

क्लिपच्या झाकणाचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे सर्वांत बरे. भरलेला डबा दहा किलोच्या वर जाऊ देऊ नका, शिडीवरून उतरवताना तो एका हातात येतो. खोके झुरळांना आवडतात आणि ओल पितात. हवाबंद डब्याचा तोटाही असतो: वस्तू जराशी दमट गेली तर ओल आतच कोंडते आणि बुरशी येते. म्हणून सगळं पंख्याखाली दिवसभर पसरून ठेवल्यावरच झाकण लावा, आणि कोरड्या दिवशी लावा. डब्यात सिलिका जेलची, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांची, छोटी पुडी टाका. नारिंगी दाण्यांचं जेल हिरवं झालं की ते भरलं. ताटलीत पसरून ओव्हनमध्ये 120 अंशांना दोन तास ठेवलं की पुन्हा नारिंगी होतं. कागदी पुड्या मात्र ओव्हनमध्ये घालू नका.

डबे बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, आणि जमिनीपासून फळीवर उचलून ठेवा. नाव झाकणावर लिहून उपयोग नाही, रचल्यावर दिसत नाही; समोरच्या आणि एका बाजूच्या पट्टीवर लिहा. सुटे बल्ब, फ्यूज, हूक, नाडी आणि एक लहान पेचकस ही पुडी माळांच्या डब्यात सगळ्यात वर ठेवा, कारण पुढच्या वेळी आधी उघडला जाणारा डबा तोच.