जुनी गाडी स्टार्ट व्हायला वेळ घेते? बॅटरी बदलायच्या आधी हे बघा

सकाळी निघायच्या घाईत गाडी घर्र... घर्र... करत बसली की बिल्डिंगमधला कोणीतरी सांगतोच, बॅटरी गेली, नवीन टाक. आणि लोक टाकतातही, चार-पाच हजार जातात आणि पंधरा दिवसांनी परत तेच. म्हणून आधी नीट ऐका. सेल्फच (चावी मारल्यावर इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जड फिरतोय, की सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन उशिरा उचलतंय? हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी जड सेल्फ. एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळतो, आणि डीसी 20 व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी बॅटरीवर 12.6 च्या आसपास दिसलं तर फुल चार्ज, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. आता गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, घरातल्या कोणालातरी चावी मारायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. सेल्फ फिरताना व्होल्टेज 9.6 च्या खाली गेलं आणि बॅटरी आधी नीट चार्ज केलेली होती, तर संशय बॅटरीवरच (क्वचित सेल्फ आतून जाम असला तरी असं होतं). पण व्होल्टेज 11 च्या वर टिकून आहे आणि तरी सेल्फ रडतोय, तर बॅटरीला हात लावू नका, करंट वाटेत कुठेतरी अडतोय.

मुंबईत हे जास्त होतं कारण खारी हवा आणि चार महिने पाऊस, बॉनेटखाली सगळं गंजतं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर सगळ्यांना दिसते, पण बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची वायर कोणी बघतच नाही. ती वरून चांगली दिसते आणि बोल्टखाली गंजलेली असते. ती अशी पकडायची: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा, क्लॅम्पवर नाही, त्या शिशाच्या खांबावरच, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नको. परत सेल्फ मारायला सांगा. 0.2-0.3 व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. तसंच प्लसच्या खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत पण बघता येतं, फक्त हात आणि वायर फिरणाऱ्या बेल्टपासून लांब ठेवा.

साफ करताना निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना लागतो. पॉलिश पेपरने खांब आणि क्लॅम्प चकचकीत होईपर्यंत घासा, अर्थिंगचा बोल्ट काढून त्याखालची बॉडीची जागा पण घासा, घट्ट आवळा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा. खूप गाड्या एवढ्यावरच सुधारतात, खरंच. मग इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.5 येतंय का बघा, कमी असेल तर अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट. तसंही पावसात एसी, वायपर, हेडलाइट सगळं चालू ठेवून दादर ते अंधेरी रांगत गेलात तर आयडलिंगला बॅटरी नीट भरत नाही, मग रविवारी एकदा सलग लांब चक्कर मारा.

हे सगळं नीट असून सेल्फ जडच राहिला, किंवा नुसता टक् करून थांबतो, तर सेल्फचे कार्बन ब्रश किंवा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) बघायला ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

आता दुसरा प्रकार, सेल्फ मस्त पण इंजिन उशिरा पकडतं. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत चावी फक्त ऑनला करा, मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद गूंऽऽ आवाज येतो, बंद करा, परत ऑन, असं तीनदा करून मग स्टार्ट करा. लगेच झाली तर रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरतंय, पंपाचा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. काहीच फरक नाही पडला तर स्पार्क प्लग काढून बघा, काळे किंवा झिजलेले असतील तर सेटच बदला, आणि एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. कार्बोरेटरवाल्या जुन्या मारुती 800 ला थंड इंजिनवर चोक ओढूनच स्टार्ट करायचं, केबल जाम नाही ना ते बघा.

सीएनजीवाल्यांनी इथे जरा थांबा, कारण मुंबईत अर्ध्या जुन्या गाड्यांचं दुखणं हेच. सिक्वेन्शियल किटची गाडी पेट्रोलवर स्टार्ट होऊन मग गॅसवर जाते, आणि आपण पेट्रोल वापरत नाही म्हणून टाकीत दोन लिटर ठेवून महिने काढतो. ते जुनं होतं, इंजेक्टर तुंबतात, आणि टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, त्यामुळे रिकाम्या टाकीत तो लवकर जातो. पाव टाकी कायम ठेवा, आठवड्यातून एकदा पाच-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. गॅसवर प्लगला ठिणगी टाकायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग आधी इथेच पकडला जातो.

थंड असताना टकाटक स्टार्ट होणारी गाडी सिग्नलला बंद पडून गरम इंजिनवर परत उचलत नसेल, आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होत असेल, तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर) संशय घ्या. आणि कुठल्याही केसमध्ये सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर दाबून धरू नका, मध्ये अर्धा मिनिट तरी सोडा, नाहीतर सेल्फ तापून तोही जायचा.